उलट्या तोंडाची सीट

जीप ट्रकवरून आमच्या दारात उतरली तेव्हा मला वाटलं, गाडी चढवताना कुणीतरी शेजारची सीट काढली असेल आणि घाईघाईत उलटी टाकली असेल. ड्रायव्हरची सीट नीट पुढे तोंड करून होती. तिच्या शेजारची मात्र मागे. तिची पाठ डॅशबोर्डला टेकलेली, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड मागच्या चाकांकडे. मी हात घालून हलवून पाहिली. जागची हलली नाही. वाकून बघते तर चारही पाय खालच्या पत्र्याला वेल्डिंगनं पक्के केलेले.

"सोल्हीचे बाबा, हे पाहिलंत का?"

"पाहिलं," ट्रकवाल्याला मागे यायच्या खुणा करता करता आमचे हे म्हणाले. "वेल्डर प्यालेला असणार."

"प्यालेल्याच्या हातून इतकी सरळ शिवण येत नाही."

"शिवण तुझ्या कापडावर. लोखंडातलं मला कळतं."

पण ट्रक गेल्यावर हेच टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले ते मान खाजवत. "काम चांगलंय," म्हणाले. "मुद्दाम केलेलं आहे. खालून पट्टीसुद्धा दिलीय, हादऱ्यानं पत्रा फाटू नये म्हणून."

वोन्जू शहर जिथे संपतं आणि कोबीचे मळे सुरू होतात, तिथे आमची शेड आहे. हे, म्हणजे प्यो गिलसाम, जुन्या लष्करी जीपा विकत घेतात आणि नव्यासारख्या करतात. लष्करानं काढून टाकलेल्या या गाड्या एके काळी डोंगरातल्या लोकांनी घेतल्या, बटाटे ओढले, लाकडं ओढली, वराती नेल्या, आणि मग कुठेतरी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली सोडून दिल्या. हे त्या हुडकतात. लोखंड, इंजिन, रंग हे काम ह्यांचं. कापड माझं. टप, सीटा, दारांचे पडदे सगळं मी शिवते. माझं मशीन तंबू शिवायचं आहे. त्याचा आवाज ऐकून शेजारची कुत्री गप्प बसतात. लोक म्हणतात, जीप म्हणजे इंजिन. पावसात सापडले की त्यांना मी आठवते.

ही जीप इंजे भागातल्या नुरुपगोल नावाच्या गावातून आली होती. विकणारा बे चुनशिक म्हणून एक अळंबीवाला. अळंबीच्या ओंडक्यांना जागा हवी म्हणून त्यानं मेलेल्या काकाची जीप काढली. ह्यांनी सीटबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "काका तशीच चालवायचे. मी लहानपणापासून उल्सानला होतो, मला काय माहीत."

आणि गिऱ्हाईक आधीच ठरलेलं होतं. छुनछोनचे बांग थेउक. शेवयांचा कारखाना आहे त्यांचा. तरुणपणी सैन्यात असताना त्यांनी अशीच जीप चालवली होती, एका मेजरसाहेबांना शेजारी बसवून. आता साठी उलटल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की तशीच गाडी आपल्या दारात हवी. "मी सोडली तेव्हा होती तशी," असं ते प्रत्येक वेळी सांगत, आणि प्रत्येक वेळी येताना शेवयांची जुडी घेऊन येत. आमच्या घरात त्या वर्षी भात कमी शिजला.

बांगसाहेबांनी उलटी सीट पाहिली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"टेहळणीसाठी असणार. शत्रू मागून आला तर."

"मग बंदुकीचा खांब कुठाय?" ह्यांनी विचारलं. "आणि सैन्यातलं काम नाही हे. नंतर केलंय."

"मग गाडी लागत असेल कुणाला."

"उलटं बसल्यावर जास्त लागते, साहेब."

सुटे भाग घेऊन येणारे नो म्हणून एक आहेत. ते म्हणाले, "सोपंय की. बायको शेजारी बसून सारखी सांगत असणार, हळू चालवा, डावीकडे घ्या. वैतागून फिरवली तिला. आता बोल काय बोलायचं ते मागच्या टायरशी."

तिघंही हसले. मीही हसले, पण मला पटलं नाही. बायको नकोशी झाली तर माणूस तिला मागे बसवेल, घरी ठेवेल. चारही पाय वेल्डिंगनं पक्के करून, खालून पट्टी देऊन कोण बसवतं?

म्हणून सगळे गेल्यावर मी त्या सीटवर बसले. ह्यांना म्हटलं, "तुम्ही स्टिअरिंगवर बसा."

"कशाला?"

"बसा तर."

हे बसले. मला गाडीचा मागचा मोकळा भाग दिसत होता, त्यापलीकडे शेडचं दार आणि मळे. आणि अगदी हाताच्या अंतरावर ह्यांचं तोंड. अख्खं. शेजारी बसलं की नवऱ्याचा एक कान आणि एक गाल दिसतो. समोर बसून जेवलं तरी मध्ये ताटं असतात, आणि ह्यांची मान खाली. इथे मात्र ह्यांचे डोळे, कपाळावरचा जुना व्रण, नाकातले केस, सगळं समोर.

"काय बघतेस?"

"नाकातले केस कापा."

"झालं तुझं? उतरू?"

मी ह्यांना विचारलं, मी तुम्हाला दिसते का. ते म्हणाले, रस्त्याकडे बघताना कडेला दिसतेस, न दिसायला जाशील कुठे. तेव्हा मला त्यातलं काही उमगलं नाही. मी उतरले.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही सीटा उसवल्या. ड्रायव्हरच्या सीटमध्ये नेहमीचाच माल होता, काथ्या आणि घोड्याचे केस. उलट्या सीटमध्ये लष्करी घोंगडीच्या घड्या, नीट एकावर एक, कडा दुमडून टाचलेल्या. कुणीतरी बसणाऱ्याच्या पाठीचा विचार केला होता. आणि शिवणीच्या आत, जिथे बोट जात नाही तिथे, मक्याचे दाणे. काही करपलेले, काही अर्धवट फुललेले. तांदळाचेही, पोटात हवा भरलेले. मी ओंजळभर काढले आणि ह्यांच्यापुढे धरले.

"उंदीर," हे म्हणाले.

"उंदीर मका आणतो. भाजून आणतो का?"

ह्यांनी एक दाणा चावून पाहिला. ही त्यांची सवय आहे, ग्रीससुद्धा चाखून बघतात. मग ते गाडीच्या मागच्या भागात गेले आणि पत्र्यावरचा गंज घासू लागले. तिथे गोल काळा डाग निघाला, परातीएवढा, वर्षानुवर्षं काहीतरी तापलेलं ठेवल्यासारखा. आणि पुढच्या काचेच्या चौकटीवर ह्यांना अजून एक गोष्ट सापडली. आत आरसा लावायची दोन भोकं वेल्डिंगनं बुजवलेली होती. बुजवून, घासून, वर रंग.

"आता हे का?" हे स्वतःशीच म्हणाले. "आरसा फुटला तर माणूस दुसरा लावतो. भोकं बुजवत नाही."

कुतूहल मला एकटीलाच नव्हतं, एवढं त्या वाक्यावरून कळलं. पण बांगसाहेबांना गाडी मूळची हवी होती, आणि ह्यांना सोमवारी ती सीट कापायची होती. रविवारी मी माझे कॅनव्हासचे गठ्ठे नेऊन तिच्यावर रचले. ते गठ्ठे किती जड असतात ते ह्यांना ठाऊक आहे.

"अगं, ही कसली अडवणूक?"

"एकदा कापलंत की विचारायला काही उरणार नाही. आधी विचारून येऊ."

"कुणाला? तो चुनशिक काही सांगत नाही."

"त्याला फोन केला होता मी. काकी आहे म्हणाला."

"मग काकीला फोन लाव."

"काकीला फोनवर बोलता येत नाही म्हणाला."

"म्हणजे?"

"विचारलं नाही. जाऊन बघू. अळंबी पण आणू."

ह्यांना अळंबी आवडते. गेलो.

नुरुपगोलला चुनशिक ओंडक्यांवर पाणी मारत होता. त्यानं पाइपनंच गावच्या म्हाताऱ्यांच्या खोलीकडे खूण केली. "काकी तिथे असेल. पत्ते चालू असतील, जपून आत जा."

खोलीचं दार सरकवलं. खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर घोंगडी अंथरून पाच-सहा म्हाताऱ्या फुलांच्या चित्रांचे पत्ते खेळत होत्या. एकीनं जांभळं जाकीट घातलेलं होतं, आणि ती पान एवढ्या जोरात आपटत होती की बाकीच्यांचे पत्ते उडत होते. तिनं आधी आमचे पाय बघितले, मग तोंडं.

"कोण तुम्ही?" दुसरी एक रुंद चेहऱ्याची म्हातारी म्हणाली. "औषधं विकायला आला असाल तर आमची सगळ्यांची घेऊन झालीत."

"बे दोक्मान यांची जीप आम्ही घेतली," मी म्हटलं. "त्यांच्या बायकोला भेटायचं होतं."

रुंद चेहऱ्याच्या म्हातारीला सगळ्या यांगगूवाली म्हणत होत्या, कारण ती लग्न होऊन यांगगूहून आली होती. तिनं जमिनीवर तळहात थापला. तो हादरा लागून जांभळ्या जाकिटानं वर पाहिलं. मग यांगगूवालीनं गाल फुगवले, दोन्ही मुठी एकत्र धरून एकदम उघडल्या, स्टिअरिंग फिरवलं आणि आमच्याकडे बोट केलं.

जांभळ्या जाकिटाच्या हातातलं पान हातातच राहिलं. त्याच दोक्मान यांची बायको, साम्वोल आजी. पाळण्यात असताना ताप आला आणि तेव्हापासून त्यांना काहीही ऐकू येत नाही. शाळा कधी पाहिली नाही. त्यांच्या हातांची भाषा त्या गावातच तयार झाली होती, त्यामुळे गावाबाहेर कुणाला समजत नाही आणि गावात सगळ्यांना समजते.

आजींचे हात हलले.

"विचारतेय, तो खटारा अजून चालतो का," यांगगूवाली म्हणाली.

"खटारा नाही म्हणाली, म्हातारी म्हणाली," दुसरीनं दुरुस्त केलं.

"तिच्या हातात दोन्ही एकच."

"नाही हं. खटाऱ्याला ती नाक मुरडते."

"चालेल," हे मध्येच म्हणाले. "थोडं काम बाकी आहे. पण ती सीट उलटी का बसवली होती, ते विचारा."

प्रश्न हातांनी पोचला. आजी आधी ह्यांच्याकडे बघत राहिल्या, जसं एखाद्यानं भात का खातात विचारावं. मग त्यांनी पत्ते खाली ठेवले, पालथे, कुणी बघू नये म्हणून वर गुडघा ठेवला, आणि सांगायला लागल्या. त्यांचे हात इतके भराभर चालत होते, आणि तीन-तीन म्हाताऱ्या एकदम अर्थ सांगत होत्या, की मला कधी हातांकडे बघावं आणि कधी तोंडांकडे, कळेना.

दोक्मान लाह्या फोडायचे. लोखंडी तोफ असते ती, आत मका किंवा तांदूळ घालून विस्तवावर फिरवायची, आणि तापली की झाकण उडवायचं. गाल फुगवून मुठी उघडणं, हे आजींनी नवऱ्याला दिलेलं नाव. लग्नानंतर दोघं हातगाडीवर ती तोफ घेऊन वाड्यावाड्यांतून फिरत. दोक्मान पुढून ओढत, आजी मागून ढकलत. तोफ उडायच्या वेळी पोरं कान दाबून पळायची, कुत्री लपायची, आणि आजी जाळीचं पोतं तोंडाशी धरून उभ्या. पापणी हलायची नाही. शेजारच्या वाड्यांत पुष्कळ दिवस समज होता की नुरुपगोलच्या लाहीवाल्याची बायको कशालाच भीत नाही.

"हातगाडीवर बोलणं कसं होणार," यांगगूवाली म्हणाली. "तो पुढे, ही मागे. ही तर आमच्या सगळ्यांपेक्षा बडबडी. रात्री घरी आली की दिवसभराचं साठलेलं सुरू व्हायचं. त्याला झोपू द्यायची नाही."

मग लष्कराच्या काढलेल्या गाड्यांतून त्यांनी जीप घेतली. आजी म्हणाल्या, आता शेजारी बसू, आता बोलू. पण शेजारी बसून काय होणार? आजी हात हलवायच्या तर दोक्मानना मान वळवावी लागे. मान वळवली की रस्त्यावरची नजर जाई. म्हणून आजींनी हात हलवला की ते गाडी थांबवत. वाकडं झाड दिसलं, थांब. ढग कुत्र्यासारखा दिसतोय, थांब. सकाळचे निघालेले दुपारनंतर पोचत, तोवर वाडीतली माणसं शेतावर गेलेली. मग थांबणं बंद केलं, आणि एका उतारावर आजी काहीतरी सांगत असताना गाडी ओढ्यात गेली. तोफ, कोळसा, लोकांचा मका, सगळं पाण्यात.

"काय सांगत होती तेव्हा?" मी विचारलं.

आजींनी खांदे उडवले. दुसऱ्या म्हातारीनं अर्थ सांगितला. "आठवत नाही. पण महत्त्वाचं होतं म्हणते."

मग दोक्मान गाडी घेऊन इंजेच्या बाजारात वेल्डरकडे गेले आणि संध्याकाळी परत आले तेव्हा सीट फिरवलेली होती. त्यांनी आजींना बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि समोर रस्त्याकडे बघत राहिले. आजींनी हात हलवले. ते हात रस्त्याच्या कडेलाच दिसत होते. मान वळवायला नको. काचेवरचा आरसा तेवढा मध्ये यायचा, म्हणून तोही काढला.

"आणि मागून गाडी आली तर?" ह्यांनी विचारलं.

आजींनी दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावली.

दोक्मान एका हातानं बोलायला शिकले. दुसरा स्टिअरिंगवर. आजींनी त्यांची नक्कल करून दाखवली, एकाच हातानं, अर्धी अर्धी खूण, आणि सगळ्या म्हाताऱ्या लोटपोट झाल्या.

"बोबडं बोलायचा," यांगगूवाली डोळे पुसत म्हणाली. "आम्हाला त्याचं काही कळायचं नाही. फक्त हिलाच कळायचं."

आमचे हे जमिनीकडे बघत होते. मला माहीत होतं ते काय विचार करताहेत. सोमवारी आपण ते कापणार होतो. मी म्हटलं, "आजींना विचारा, ती सीट आम्ही तशीच ठेवू का? गिऱ्हाइकाला मी समजावीन. ते नको म्हणाले तर सीट काढून आजींना आणून देऊ."

यांगगूवालीनं विचारलं. मी आजींच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून येतील, अशी माझी समजूत होती. आजींनी उजवा हात उचलला आणि हवेत एक गोल गिरकी दिली, कढईत काहीतरी परतल्यासारखी. मग पुष्कळ काही. खोलीत एकच हशा पिकला.

"काय झालं?"

"फिरव म्हणते," यांगगूवाली म्हणाली. "सरळ करून टाक म्हणते. म्हणते, इतकी वर्षं मला सगळं गेल्यावर दिसलं. तो सांगायचा, हरीण बघ. मी वळेपर्यंत हरणाचं शेपूट. तो सांगायचा, पलीकडे बर्फ पडलाय. मला बर्फ दिसायचा तो आम्ही तुडवल्यावर. गाव आलं की आधी मला गावाची शेवटची घरं दिसायची."

"पहिली," दुसरी म्हणाली. "उलटी बसल्यावर पहिली घरं मागे जातात, म्हणून—"

"तू गप. मी सांगतेय ना." यांगगूवाली पुन्हा आमच्याकडे वळली. "आणि म्हणते, सरळ केलीत की मला एकदा बसवा. घाटावर न्या. त्या बाजूला आम्ही सीट फिरवल्यावरच जायला लागलो. तो म्हणायचा, वर पोचताना समोर काय दिसतं ते तुला दाखवायचंय. ते राहिलं."

अळंबी मांडीवर घेऊन आम्ही परत निघालो. मग हे म्हणाले, "मला वाटलं होतं, रडेल."

"मलाही."

"त्यांचा रमीचा डाव पण तिनंच मारला शेवटी."

"रमी नव्हती ती."

"जे काय असेल ते."

बांगसाहेबांना सगळं सांगितलं. शेवयांची जुडी हातात घेऊन ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सीट सरळ होणार, मला हवी तशी."

"होणार."

"मग तुम्ही असं तोंड करून का सांगताय, मी नाही म्हणेन असं?" थोड्या वेळानं म्हणाले, "आजींना घाटावर मी नेणार. गाडी माझी आहे. चालवणार मी."

सीट कापायला ह्यांना अख्खी सकाळ लागली. इतकं मजबूत काम होतं ते. मधून मधून हे थांबत आणि त्या वेल्डरला शिव्या देत, पण त्या ऐकायला गोड वाटत होत्या. पत्रा नवा बसवला, इंजिन उतरवून चढवलं, गिअरचे दात बदलले. आरशाची बुजवलेली भोकं पुन्हा पाडली. मी हिरव्या कॅनव्हासचा टप शिवला, आणि शेजारच्या सीटमध्ये काथ्या न भरता त्याच घोंगडीच्या घड्या धुऊन घातल्या. बांगसाहेबांना ते सांगितलं नाही. घोंगडी लष्करीच होती.

मेपलची पानं तांबडी झाली तेव्हा आम्ही नुरुपगोलला गेलो. आजींनी तेच जांभळं जाकीट घातलं होतं आणि डोक्याला घट्ट रुमाल. यांगगूवाली अर्थ सांगायला म्हणून आली. चुनशिकनं काकीला उचलून बसवायला हात पुढे केला, तो तिनं झटकला आणि आपली आपण चढली. बांगसाहेब स्टिअरिंगवर ताठ बसले, मेजरसाहेबांना नेत असल्यासारखे. मागे आम्ही तिघं, मी, हे आणि यांगगूवाली, गुडघ्याला गुडघे लावून.

घाट सुरू झाला. आजींचे हात मांडीवर होते. त्या एकदाही मागे वळल्या नाहीत. मला त्यांची फक्त रुमाल बांधलेली मान दिसत होती. त्यांना काही सांगायचं म्हटलं तरी आता सांगता येत नव्हतं, कारण त्या समोर बघत होत्या. एकदा यांगगूवालीनं त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली, तांबडं झाड दाखवायला. आजींनी खांदा झटकला.

रस्ता अरुंद आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणं अशी की पुढचं वळण मागच्या वळणाच्या कुशीत. बांगसाहेबांच्या मानेवर घाम आला होता. मध्येच आजींनी एका हातानं डॅशबोर्ड धरला. पुढे दुसऱ्या हातानंही. मला वाटलं, भ्यायल्या. यांगगूवालीही माझ्याकडे बघू लागली.

वर पोचलो. समोर डोंगरामागे डोंगर, आणि अगदी टोकाला पूर्वेचा समुद्र, निळी रेघ ओढल्यासारखा. बांगसाहेबांनी इंजिन बंद केलं. दोक्मानना दाखवायचं होतं ते हेच असणार. आम्ही सगळे आजींकडे बघत होतो.

आजी खाली उतरल्या. समुद्राकडे त्यांनी एकदा पाहिलं, ठीक आहे, अशा थाटानं. मग पाठ फिरवली, आणि आलो तो रस्ता वरून निरखू लागल्या. खाली, वळणावळणानं. बराच वेळ. मग त्यांनी गाल फुगवले, मुठी उघडल्या, आणि हात सुटले. इतक्या रागानं की जाकिटाची बाही फाटते की काय असं वाटावं. एकाच हाताची बोबडी खूण त्यात पुन्हा पुन्हा येत होती.

यांगगूवाली तिच्या हातांकडे बघत होती.

"काय म्हणतात?" बांगसाहेबांनी विचारलं. "माझं चालवणं आवडलं नाही?"

"तुमच्याशी नाही बोलत. नवऱ्याला शिव्या देतेय. म्हणते, गाढवा. रस्ता एवढाच होता? एवढासा? आणि तू एका हातानं बोलत होतास? मला वाटायचं, मागे जाताना रस्ता बारीक दिसतो, तुझ्यासमोर मोठा असेल. मी मागे बघून ढगाच्या गोष्टी सांगायची आणि तू हसायचास. एकदा तरी सांगायचंस, गप बस म्हणून. मी गप बसले असते."

"बसली नसतीस," यांगगूवालीनं स्वतःच पुढे जोडलं, आणि ते हातांनीही सांगितलं.

आजींनी तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली. नसते बसले. आणि हसू लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत, रुमालाच्या टोकानं डोळे पुसत. बांगसाहेबांनी डब्यातून गार शेवया काढल्या. आजींनी दोन वाट्या खाल्ल्या आणि शेवया जाड आहेत असं कळवलं.

उतरताना त्या पुढे बसायला तयार नव्हत्या. बघायचं ते बघून झालं होतं, आणि बोलायचं पुष्कळ होतं. त्या मागे यांगगूवालीसमोर बसल्या. बांगसाहेबही मागेच गेले, त्यांना ती लाहीची खूण शिकायची होती. चालवायला आमचे हे बसले आणि शेजारी मी.

खाली येताना मागे हातांची नुसती धांदल चाललेली. मी वळून वळून बघत होते. बांगसाहेब काहीतरी चुकीचं करत आणि दोघी म्हाताऱ्या त्यांची बोटं पकडून सरळ करत. मधल्या एका वळणावर हे काहीतरी बोलले. वारा आणि इंजिन, मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. ह्यांनी मान हलवली, नंतर सांगतो अशी, आणि डोळे रस्त्यावरून काढले नाहीत.

ओढ्यावरच्या पुलाशी गाडी थांबली, आजींना पाणी प्यायचं होतं म्हणून.

"काय म्हणत होतात?" मी विचारलं.

"कधी?"

"वर, वळणावर."

"काही नाही. तुझ्या बाजूच्या पडद्याचं बटण सैल आहे, एवढंच."

मी पाहिलं. होतं सैल.